बायोस अपडेट अर्धवट मेलं: बोर्ड लॅमिंग्टन रोडला न्यायचा की घरीच क्लिप लावायची?

बायोस म्हणजे मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये लिहिलेलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर; त्याचं अपडेट मध्येच थांबलं की पीसी सुरूच होत नाही. बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचं, म्हणजे पेनड्राइव्हवरून बायोस पुन्हा लिहिणारं बटण असेल तर पुढे वाचायची गरज नाही. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह घ्या, त्यात टाकलेल्या बायोसच्या फाइलला कंपनीने सांगितलेलं नाव द्या आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत कशाला हात लावू नका. वॉरंटी शिल्लक असेल तर सरळ सर्व्हिस सेंटर गाठा. या दोन्हींत न बसणाऱ्यांपुढे मुंबईत खरे मार्ग दोनच: ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात बोर्ड रिपेअरला द्यायचा, नाहीतर सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचणारं-लिहिणारं यूएसबी यंत्र) आणि चिपला चिमट्यासारखी धरणारी आठ पायांची क्लिप मागवून घरीच चिप लिहायची.

रिपेअरवाल्याचा हात बसलेला असतो, यात वाद नाही. हॉट एअरने चिप उचलली, सॉकेटमध्ये लिहिली, परत बसवली, की डिस्प्ले हजर.

माझं बिनसलं ते डिस्प्ले आल्यानंतर. दादरला मित्राच्या डीटीपीच्या ऑफिसातले एकाच मॉडेलचे दोन बोर्ड मी असे दुरुस्त करून आणले होते. पीसी मस्त चालू झाले, पण नेट कधी याच्यावर, तर कधी त्याच्यावर. केबलवाल्याला फोन झाले, वायर बदलली, स्विच बदलला. शेवटी दोन्ही मशीनचा, नेटवर्कवर प्रत्येकाचा वेगळा असायला हवा तो मॅक अ‍ॅड्रेस पाहिला तर हुबेहूब एकच: ८८:८८:८८:८८:८७:८८! इंटेलचं लॅन (केबलच्या नेटचं सर्किट) असलेल्या बऱ्याच बोर्डांत हा अ‍ॅड्रेस बायोसच्याच चिपमध्ये असतो. कंपनीची फाइल जशीच्या तशी ओतली की बोर्डाचा स्वतःचा अ‍ॅड्रेस, अनेकदा सीरियल नंबरही पुसला जातो आणि असला भरतीचा आकडा उरतो. ब्रँडेड पीसी किंवा लॅपटॉप असेल तर विंडोजची कीसुद्धा त्यातच असू शकते. लिहिण्याआधी जुना डेटा वाचून ठेवला होता का, असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "कशाला? बोर्ड चालू झाला ना?" त्याच्या जागी तोही बरोबर असेल, समोर बोर्डांची चळत आणि पैसे मिळणार ते डिस्प्लेचे.

घरी हा जुना डेटा आपल्या ताब्यात राहतो. फ्लॅशरॉम या सॉफ्टवेअरने दोनदा वाचायचा, दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच लिहायला घ्यायचं. अपडेट मध्येच मेलेलं असलं तरी लॅनचा भाग माझ्या पाहण्यात तरी शाबूत सापडलाय, आणि तो नव्या फाइलमध्ये बसवता येतो.

क्लिप छळते, हे मात्र कबूल. जरा कलली की वाचलेल्या फाइलमध्ये खऱ्या डेटाऐवजी नुसती एफएफ एफएफची रांग. बोर्डावरचा सेल काढला, एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) सोडवला तरी काही बोर्ड क्लिपची वीज आपल्याकडेच ओढतात आणि चिप ओळख देत नाही. काळ्या रंगाच्या स्वस्त प्रोग्रामरमध्ये आणखी एक खोड: चिप ३.३ व्होल्टची आणि डेटाच्या पायांवर येतात ५. तेवढं दुरुस्त केलेलं मॉडेल बघून घ्या. चिप १.८ व्होल्टची असेल तर मध्ये अ‍ॅडॅप्टर लागतोच. एवढं करूनही मी पुन्हा क्लिपच लावेन.

चिपला बाहेर आलेले पायच नसतील तर क्लिप धरणार कुठे, तेव्हा दुकानच बरं. पण बोर्ड हातातून सोडण्याआधी त्यावरच्या मॅक अ‍ॅड्रेसच्या स्टिकरचा फोटो काढा, आणि 'आधी जुना डेटा वाचून पेनड्राइव्हवर देणे' एवढं पावतीवर लिहून घ्या. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.