तोखारी वाचायची असेल तर : व्हिएन्ना विद्यापीठाचा हस्तलिखित-संग्रह ‘सीईटॉम’

तोखारी ‘अ’ आणि ‘ब’ या तारीम खोऱ्यातल्या (आजच्या पश्चिम चीनमधल्या) लुप्त भाषांवर, म्हणजे संस्कृत-लॅटिनच्याच इंडो-युरोपीय कुटुंबातल्या भाषांवर, आंतरजालावर बरंच सैल लिहिलं जातं. ते तपासायला व्हिएन्ना विद्यापीठाचा ‘सीईटॉम’ हा मोफत संग्रह सर्वांत भरवशाचा आहे. सोपा मात्र नाही.

प्रत्येक पानाला क्रमांक असतो. त्याआधीची अक्षरं पान कुठल्या शहरातल्या संग्रहात आहे ते सांगतात : ‘टीएचटी’ म्हणजे बर्लिन, ‘पीके’ म्हणजे पॅरिस, ‘आयओएल’ म्हणजे लंडन. पानाची पुढची बाजू ‘ए’, मागची ‘बी’, त्यापुढे ओळीचा आकडा. आधी लिप्यंतर मिळतं, ते पानावर दिसतं तसं. त्याखाली शब्द सोडवून दिलेला पाठ. हे दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावं. चौकोनी कंसातलं अक्षर अर्धवट दिसतं, गोल कंसातलं संपादकाने भरलेलं असतं, तीन तिरप्या रेघांपाशी पान फाटलेलं असतं. बहुतेक चुका इथेच होतात. गोल कंसातला शब्द पुरावा म्हणून उचलला की त्यावर रचलेली व्युत्पत्ती संपादकाच्या अंदाजावर उभी राहते.

लिपी ब्राह्मीच, पण संस्कृतात नसलेल्या एका स्वरासाठी अक्षरावर दोन टिंबं देतात. शिवाय काही व्यंजनांची वेगळी चिन्हं आहेत, त्यांत ‘अ’ऐवजी तोच स्वर अंगभूत असतो. ही चिन्हं लिप्यंतरात अधोरेखित दिसतात. ती रेघ सजावट समजून सोडली तर शब्द चुकतो.

एक खूण फार कामाची आहे. तोखारीत घोष (ग, द, ब) आणि महाप्राण (ख, थ, भ) स्पर्श व्यंजनं उरली नाहीत, म्हणून ग, ध, भ दिसला की शब्द बहुधा संस्कृतातून आलेला. ‘बोधिसात्वे’ हा तसाच. असे शब्द मोजून भाषेचं नातं ठरवता येत नाही. नातं दिसतं ते ‘ब’मधल्या पाचेर (पिता), माचेर (माता) अशा शब्दांत. शंभरला ‘ब’मध्ये ‘कन्ते’ म्हणतात. शत-मधल्या ‘श’च्या जागी इथे ‘क’ राहिला, लॅटिनसारखा, आणि तोही इतक्या पूर्वेला. क्रियापदातला ‘र’ प्रत्यय हित्ती (प्राचीन अनातोलियातली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली भाषा) आणि लॅटिनशी जुळतो, पण तो जुना वारसा असू शकतो. त्यावरून खास जवळीक सिद्ध होत नाही. तोखारी मूळ इंडो-युरोपीय कुटुंबातून हित्तीच्या अनातोलियन शाखेनंतर लवकर वेगळी झाली, असं अनेक अभ्यासक मानतात. नेमकी जागा अजून वादात आहे. क्रोराइना या तारीम खोऱ्यातल्या जुन्या राज्याच्या प्राकृत दस्तऐवजांतल्या परक्या शब्दांवरून मांडलेली तिसरी तोखारी तर त्याहून कच्च्या पायावर उभी आहे.

संग्रहाची सर्वांत मोलाची सोय म्हणजे ‘ब’च्या पानांवरची भाषेच्या टप्प्याची नोंद : प्राचीन, अभिजात की उत्तरकालीन. तुलनेला रूप घेताना आधी ती पाहावी. उत्तरकालीन रूप मूळ इंडो-युरोपीय भाषेशी ताडलं तर निष्कर्ष घसरतो.

उणीव मोठी आहे ती भाषांतराची. कितीतरी तुकड्यांना ते नाही, आणि व्याकरण न येणाऱ्याला तिथे पुढे जाता येत नाही. म्हणून ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचे मोफत तोखारी धडे आधी करावेत. त्यांत उताऱ्याच्या प्रत्येक शब्दाची फोड असते, मग व्याकरण. तेवढी तयारी झाली की ‘सीईटॉम’मध्ये धड्यातलाच उतारा शोधून मूळ पाठाशी ताडून पाहावा.