आमची गृहनिर्माण संस्था : जळगावातील एका सभासदाचा अनुभव

जळगावात फ्लॅट पाहणारे लोक पार्किंग आणि पाण्याची टाकी पाहतात, परंतु सोसायटीचे दप्तर सहसा कोणी मागत नाही. ते अवश्य पाहावे असे मी आग्रहाने लिहिते, कारण 3 वर्षांपूर्वी यजमान अचानक गेले तेव्हा 24 बिऱ्हाडांच्या आमच्या संस्थेतील त्याच दप्तराने मला पहिला आधार दिला.

फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता आणि दहावा होण्याआधीच घर विकून गावी येण्याचे सल्ले सुरू झाले होते. अशा वेळी सचिवांनी यजमानांनी माझ्या नावे भरून ठेवलेला नामनिर्देशनाचा (नॉमिनेशनचा) अर्ज शोधून आणला. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही. मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये 2019 साली जोडलेल्या प्रकरणानुसार वारसांची नोंद होईपर्यंत तिला तात्पुरते सभासद करून घ्यावे लागते, हे त्यांनी मला दोनदा, न कंटाळता समजावले. पुढच्याच बैठकीत तसा ठराव झाला, आणि दोन्ही मुलांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिल्यावर शेअर सर्टिफिकेटवर माझे नाव लागले.

त्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मी दार लावून काढली. पुढच्या वर्षी मात्र उडदाच्या पापडांसाठी गच्चीवर जमलेल्या बायकांनी मला वर नेले आणि लाट्या मोजण्याचे काम माझ्याकडे दिले. हिशोबाला मी पक्की आहे, हे बहुधा तिथेच त्यांच्या लक्षात आले असावे, कारण समितीच्या निवडणुकीत त्यांनीच माझे नाव सुचवले. ज्या बाईने तोवर कधी चेकही लिहिला नव्हता, ती खजिनदार झाली. सेवाशुल्क सर्व फ्लॅटना सारखे, पाणीपट्टी नळांच्या संख्येप्रमाणे, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीसाठीचा राखीव निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के, हे सगळे मी वहीत लिहून पाठ केले. पहिल्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचताना माझा आवाज कापत होता. दुसऱ्या वर्षी टँकरच्या खर्चावरील प्रश्नाला मी पावत्या दाखवून उभ्याने उत्तर दिले.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे आणि मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने करून न दिल्यास सरकारी आदेशाने जमीन संस्थेच्या नावावर करून घेण्याचा, प्रस्ताव रखडला आहे, कारण निम्मे सभासद आपल्या करारनाम्याच्या प्रती वेळेवर देत नाहीत. ही ढिलाई मला फार खटकते. मे महिन्यात बोअर आटते. भाडेकरू कुटुंबांना सणांचे निमंत्रण असते, पण त्यांच्या तक्रारी ऐकण्याची ठरलेली वेळ नाही. ती असावी यासाठी मी समितीत विषय मांडला आहे.

येथे घर घ्यायचे असल्यास विकणाऱ्या सभासदाला सोबत घेऊन रविवारी सकाळी कार्यालयात यावे. त्या फ्लॅटची थकबाकी आणि नामनिर्देशनाची नोंद मी स्वतः काढून दाखवीन.