मामाची हार्ड डिस्क, आठवडाभर शफलवर

मामाने त्याची गाण्यांची हार्ड डिस्क दिली आणि म्हणाला, ऐक आणि कशी वाटते ते सांग. म्हणून हा रिव्ह्यू. चार हजारांच्या आसपास गाणी आहेत, फोल्डरची नावं ‘न्यू’, ‘न्यू २’, ‘न्यू फायनल’ अशी आणि आतल्या निम्म्या फायलींचं नाव ‘ट्रॅक ०१’. त्यामुळे अमुक एक गाणं शोधून ऐकायचं असेल तर विसरा. मी सरळ शफल लावलं आणि येईल ते ऐकत बसले.

पहिल्याच दिवशी पचका झाला. एक ट्रॅक सुरू झाला आणि आवाजच नाही. वाटलं हेडफोन गेला, मग प्लग काढून परत लावला, व्हॉल्यूम फुल्ल केला, तरी काही नाही, पण टाइम तर पुढे सरकतोय. नाव बघितलं तर जॉन केज या अमेरिकन संगीतकाराचं ‘४ मिनिटं ३३ सेकंद’! १९५२ सालचं, तीन भागांचं, आणि वाजवणाऱ्याने काहीही वाजवायचं नाही हीच रचना. हे कुणी एमपीथ्री करून का ठेवतं हा प्रश्न पडेपर्यंत ते संपलं आणि फुल्ल व्हॉल्यूमवर पुढचं मेटल गाणं कानात फुटलं. दहा मिनिटं कान वाजत होते. तर डिस्कची पहिली तक्रार हीच, आवाजाची लेव्हल कशाचीच कशाला जुळत नाही, जुनी रेकॉर्डिंग कुजबुजतात आणि नवी अंगावर येतात. प्लेअरमध्ये व्हॉल्यूम एकसारखा करायचं सेटिंग असतं, ते आधी ऑन करा, माझ्यासारखं नंतर नको.

दुसऱ्या दिवशी डोना समरचं ‘आय फील लव्ह’ आलं. १९७७ चं गाणं, तिचा गळा आणि बास ड्रम सोडला तर जवळजवळ सगळं सिंथेसायझरवर, आणि आजही काल केल्यासारखं वाटतं. पण मला ते लंगडत चालल्यासारखं ऐकू येत होतं, ठेका एकीकडे आणि ती बासची गुरगुर भलतीकडे. फाइल खराब आहे म्हणून मामाला फोन केला तर तो म्हणाला, “अगं, तुझा डावा कान चालू आहे का बघ आधी.” हेडफोनची डावी बाजू खरंच बंद पडली होती! म्हणजे केजच्या वेळी माझा संशय अगदीच चुकीचा नव्हता, फक्त अर्धाच बरोबर होता. त्या गाण्यात बास डावीकडे येतो आणि तोच किंचित उशिराने उजवीकडे परत येतो, दोन्ही मिळून ती पळापळ तयार होते. मी नुसती उशिराची बाजू ऐकत होते. दुसरा हेडफोन लावून ऐकलं आणि खुर्चीत बसवेना.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आलं. छान आहे, आता कितव्यांदा. पुढे.

नायजेरियन गायक फेला कुटीचं ‘झॉम्बी’ बारा मिनिटांचं, आणि बाबा गायला लागायलाच बराच वेळ घेतो, नुसते गिटार, ड्रम आणि सॅक्सोफोन चाललेत. तिसऱ्या मिनिटाला मी वैतागून नेक्स्ट दाबणार होते, पण हात कामात होते म्हणून राहिलं, आणि सातव्या मिनिटाला मान आपोआप हलायला लागली होती. हुकूम पाळणाऱ्या सैनिकांची टिंगल आहे ती. गाणं १९७६ चं, पुढच्याच वर्षी नायजेरियाच्या सैनिकांनी त्याच्या वस्तीवर हल्ला केला. हे कळल्यावर परत ऐकलं, तेव्हा ती मजा तशीच होती पण पोटात थोडं कसंतरी झालं.

सेझारिया एव्होराच्या ‘सोदाद’बद्दल जास्त लिहीत नाही. केप व्हर्दे बेटांवरची बाई, साओ टोमेला निघून गेलेल्यांची आठवण काढते, भाषा अजिबात कळत नाही. हुरहूर हा शब्द गाऊन दाखवायचा तर असा. सलग चार वेळा लावलं, शफल गेलं खड्ड्यात.

एक गंमत डिस्क साफ करताना झाली. जॅझ ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याचं ‘सो व्हॉट’ दोनदा सापडलं, एक डुप्लिकेट उडवूया म्हटलं, पण लांबीत काही सेकंदांचा फरक दिसला. तानपुऱ्याचं ॲप लावून दोन्ही ऐकली तर एक किंचित चढं! वाचल्यावर कळलं की १९५९ ला हे रेकॉर्ड झालं तेव्हा टेपचं मशीन जरा हळू फिरत होतं, म्हणून नेहमीच्या वेगाने वाजवलं की रेकॉर्डवर ते वाजायचं जरा जलद आणि वरच्या सुरात. हे दुरुस्त झालं १९९२ मध्ये. म्हणजे तोपर्यंत किती जण त्या रेकॉर्डबरोबर वाजवताना आपलंच वाद्य बेसूर आहे म्हणून पिळत बसले असतील. मला जुनं चढंच आवडलं, काय करणार.

क्वालिटीबद्दल सांगायचं तर बरीच गाणी १२८ केबीपीएसची आहेत, म्हणजे फाइल लहान करायला आवाज बराच दाबलेला, झांजांचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा येतो. त्यातच सुझान व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ पण, वाद्यच नाही, नुसता गळा. एमपीथ्री बनवणाऱ्या कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्गने हेच गाणं घेऊन आपलं तंत्र घासून घासून नीट केलं, कारण सुरुवातीला तिचा आवाज भयंकर येत होता. १२८ वर ऐकलं, नीट येतंय. मेहनत फळाला आली म्हणायची.

आणि गौहर जानची १९०२ ची रेकॉर्ड! तीन मिनिटांत सगळं उरकायचं म्हणून ताना अशा सुटतात की बस पकडायचीये, आणि शेवटी ठसक्यात “माय नेम इज गौहर जान”. रेकॉर्ड परदेशात छापली जायची, तिथल्या लोकांना कळावं म्हणून नाव सांगायचं. अख्ख्या डिस्कवर ही एकच बाई जिने फायलीला स्वतःच नाव दिलंय.

नावडलेलं एकच, बासरीवर वाजवलेल्या सिनेगीतांचं फोल्डर, ८० गाणी, सगळी लिफ्टमध्ये वाजतात तशी. मामाला विचारलं उडवू का, तर म्हणाला, “उडव की, ते माझं नाहीच, कुणीतरी टाकलं असणार.” आणि ‘सो व्हॉट’च्या दोन्ही फायलींना मात्र हात लावायचा नाही म्हणाला.