टेकडी की जिम? चाळिशीत नक्की कुठे जायचं

ऑफिसातल्या एका मित्राचा शुगरचा रिपोर्ट आला, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) ६.१. म्हणजे डायबेटिस अजून घरात आला नाहीये पण दारात चप्पल काढतोय असं समजा, ५.७ ते ६.४ च्या मध्ये असलं की प्रीडायबेटिस म्हणतात. वय ४३, वजन ७८, आणि डॉक्टरांनी सांगितलं व्यायाम करा. कोणता ते काही सांगितलं नाही. बायको म्हणते टेकडीवर जा, फुकट आहे, मेव्हणा म्हणतो जिम लाव नाहीतर काही फरक पडणार नाही, आणि हा पठ्ठ्या दोघांचं ऐकून घेऊन दीड महिना सोफ्यावर. मला विचारलं कारण मी दोन्ही केलंय, टेकडी आठ-नऊ वर्षं आणि जिम तुकड्या तुकड्याने मिळून चार, आणि दोन्हीकडे स्वतःला दुखवूनही घेतलंय. चहावर त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. हिशोब पुण्यातला आहे, आमच्याकडे वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती असं सगळं हाताशी आहे, तुमच्या गावात टेकडी नसेल तर बिल्डिंगचा जिना धरा, बरंचसं लागू पडेल.

आधी एक गोष्ट, जी बहुतेकांना अर्धीच माहीत असते. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा सल्ला म्हणजे आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम लागणारा. हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच सल्ल्यात पुढे असंही आहे की आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्या. हे कोणी वाचतच नाही. टेकडी पहिल्या भागाचं काम मस्त करते, दुसऱ्याचं फार थोडं, तेही फक्त कमरेखालचं. जिमचं नेमकं उलटं, तिथे ट्रेडमिल असते हो, पण त्या ट्रेडमिलवर समोरच्या भिंतीकडे बघत ४० मिनिटं चालणारा माणूस वर्षभर टिकलेला मी तरी पाहिलेला नाही.

माझंच सांगतो. पाच वर्षं टेकडी नियमित, आठवड्याला चार दिवस, दम चांगला, सिंहगड आतकरवाडीवरून तासाच्या आत. स्वतःला एकदम फिट समजत होतो. आणि एक दिवस सिलिंडर आला, डिलिव्हरीवाल्याने दारात ठेवला आणि गेला, घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, टाकीसकट साधारण ३० किलो होतो, तो मला उचलून ओट्याखाली सरकवता येईना. दोन वेळा वाकलो, कंबरेत कळ आली, शेवटी मुलीने आणि मी मिळून गडगडत नेला आणि फरशीवर एक ओरखडा पडला तो अजून आहे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की पाय आणि छाती चालू आहेत, पाठ आणि हात कधीच सुट्टीवर गेलेत. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, ते नुसत्या चालण्याने थांबत नाही, त्यांना ओझं द्यावं लागतं. आणि शुगरवाल्यांनी तर हे लक्षात घ्यायलाच हवं, कारण जेवणानंतर रक्तात येणारी साखर साठवायची सगळ्यात मोठी कोठी म्हणजे स्नायूच, कोठीच लहान करत नेली तर धान्य ठेवणार कुठे.

मग जिमच लाव असं सांगून मोकळा झालो असतो, पण तेवढं सोपं नाहीये.

टेकडीची एक गोष्ट जिमला कधीच जमणार नाही, ती म्हणजे जावंसं वाटतं. सकाळी सहाला वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला मोर ओरडतात, रोजची तीच तीच तोंडं, नाव माहीत नसलेले पण चार दिवस दिसला नाहीत तर ‘काय हो, गावाला गेला होतात का’ विचारणारे काका. डोकं रिकामं होतं. ज्याचं दुखणं अर्धं ऑफिसातून आलंय त्याला जिममधल्या त्या ढणढण गाण्यांपेक्षा हे जास्त उपयोगी, असं माझं मत. जिममध्ये आरसे असतात, आणि ४३ वर्षांच्या ७८ किलोच्या माणसाला पहिल्या महिन्यात सगळ्यात नकोशी गोष्ट कुठली असेल तर आरसा.

पण टेकडी फुकट असली तरी वसुली उतरताना करते.

चढताना दम लागतो म्हणून लोकांना वाटतं चढ हाच अवघड. गुडघ्याला विचारा. चढताना मांडीचा स्नायू आखडत शरीर वर ढकलतो, उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो, आणि वाटीवरचा दाब वाढतो. म्हणून पहिल्यांदा टेकडी केलेल्या माणसाच्या मांड्या त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धरतात, आणि जिना चढताना नाही, उतरताना ‘आई गं’ होतं. मांडीत ताकद नसेल तर तो सगळा ब्रेक गुडघा लावतो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून जाणं म्हणजे पाच मिनिटांचं काम आहे, पण त्याच पायऱ्या धपाधप पळत उतरणारे लोक बघितले की मला त्यांच्या गुडघ्यांची दया येते. उतरायचं ते लहान पावलांनी, गुडघा किंचित वाकवून, मुरमाचा उतार असेल तर सरळ न उतरता नागमोडी, आणि हातात काठी असेल तर लाजायचं काही कारण नाही, दोन काठ्या असतील तर आणखी उत्तम.

मी हे शहाणपण शिकलो ते फोनमुळे. उतरताना खिशातला फोन वाजला, काढायला गेलो, पायाखाली सुटा मुरूम, घोटा आतल्या बाजूला मुडपला आणि तिथेच बसलो. संध्याकाळपर्यंत घोट्याचा बटाटा झाला. घरी लगेच तेल गरम करून चोळायची तयारी सुरू, ते मात्र करू देऊ नका. पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि शेक दोन्ही नको, सूज वाढते. आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, आजी खूश होते, पण दाबून मालिश नाही. क्रेप बँडेज, पाय उशीवर, बर्फ कापडात गुंडाळून थोडा थोडा वेळ. आणि चार पावलं सुद्धा टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर जीव जात असेल, तर हाडवैद्याकडे नाही, सरळ एक्सरे. माझं हाड शाबूत होतं. पण खरी गंमत पुढे, फिजिओने व्यायाम काय दिला तर दात घासताना एका पायावर उभं राहायचं. डावा, मग उजवा. मला वाटलं चेष्टा करतेय. पहिल्या दिवशी दुखऱ्या पायावर पाच सेकंद पण राहता आलं नाही, बेसिन धरलं. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो तो तोल गेलेला असतो म्हणून, आणि तो असा परत आणता येतो. आजही एका पायावरच घासतो.

आता जिमचं दुखणं. तिथे दगड नसतो, तिथे ‘अजून दोन सर, अजून दोन!’ असतं. मी बेंचप्रेस करत होतो, म्हणजे बाकावर उताणं पडून छातीवरून वजन वर ढकलणं, कोपरं खांद्याच्या रेषेत पूर्ण बाहेर काढलेली, जी जरा आत, अंगाकडे हवीत, ट्रेनर पोरगा बावीस-तेवीसचा, उत्साही, त्याने वजन वाढवलं आणि मी पण त्या दोन रेप्सच्या नादात दिले ढकलून. खांद्यात काहीतरी चमकलं. पुढचे तीन महिने मागच्या खिशातलं पाकीट डाव्या हाताने काढत होतो. चूक त्याची थोडी, माझी जास्त, कारण चाळिशीतल्या माणसाला दुखतंय हे सांगायला कसली लाज. तेव्हापासून नियम एकच, अजून दोन जमले असते असं वाटतं तिथेच थांबायचं. वाढ होतेच, पुढच्या आठवड्यात थोडं वजन वाढवा. आणि बीपी असेल तर श्वास कोंडून वजन उचलायचं नाही, जोर लावताना सोडायचा.

नवीन माणसाला जिममधल्या चाळीस मशीन्सची गरजच नाही. बैठक, ढकलणं, ओढणं, कंबरेतून वाकून उचलणं, आणि हातात वजन घेऊन चालणं, एवढ्या पाच गोष्टी, पाऊण तास, आठवड्यातून दोनदा. नुसता ऑलिंपिक बार, म्हणजे वजनाच्या चकत्या लावायचा लांब दांडा, २० किलोचा असतो, पहिले काही आठवडे त्याच्या जवळपण जायची घाई नको, पाच-पाच किलोचे डंबेल पुरे. आपल्या तालमींत जोर-बैठका होत्याच की, औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा एवढा प्रचार केला तोही ह्याच हेतूने, आणि घरी चटई टाकून बारा नमस्कार घालणाऱ्याला मी कधीच कमी लेखणार नाही. फक्त नमस्कारात आणि जोरात ढकलणं आहे, ओढणं नाही. दिवसभर लॅपटॉपपुढे पोक काढून बसणाऱ्याला ओढण्याचीच जास्त गरज असते, आणि त्याला पुली नाहीतर किमान एक रबरी बँड लागतो.

पळण्याचं काय, असं त्याने मध्येच विचारलं, कारण ऑफिसात दोघं-तिघं मुंबई मॅरेथॉनची तयारी करतायत. ७८ किलो आणि शून्य सवय असताना नको. आधी चालणं, मग बघू.

पावसाळा हा टेकडीचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर चिखल आणि शेवाळ, मग गणपती, मग दिवाळी, आणि बघता बघता नोव्हेंबर. अंधारात टेकडीवर एकट्याने जाणं पण नको, त्यामुळे ज्यांचं ऑफिस आठला सुटतं त्यांच्यासाठी टेकडी म्हणजे फक्त शनिवार-रविवार. जिम पावसात पण उघडी आणि रात्री दहाला पण. पण ती घर आणि ऑफिसच्या वाटेवर हवी, लांबची भारी जिम आणि कोपऱ्यावरची साधी जिम यात डोळे झाकून कोपऱ्यावरची. वर्षाचं पॅकेज घेऊ नका, जानेवारीत डिस्काउंट देतात ते मार्चमध्ये तुम्ही येणार नाही याच हिशोबाने. तीन महिन्यांचं घ्या, महाग पडलं तरी.

खाण्यावर तर दोन्हीकडचे लोक फसतात, फक्त वेगवेगळ्या पद्धतीने. टेकडीवाला म्हणतो एवढं चढलो, आता वडापाव चालतो. हिशोब करून बघा, ७८ किलोच्या माणसाने १०० मीटर उंची चढली तर त्या चढाच्या जेमतेम ७०-७५ कॅलरी होतात, आडवं चालणं धरून तासाला तीनशेच्या आसपास, आणि एक वडापाव तेवढाच. सिंहगडाला चढ सहाशे मीटरच्या घरात आहे, तिथे पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लंत तर मी काही बोलणार नाही, पण वर कांदाभजीची प्लेट मागवली की झालं बरोबर. पायथ्याला मिळणाऱ्या कारल्या-दुधीच्या ज्यूसनेही काही चमत्कार होत नाही, दुधी कडू लागला तर ताबडतोब टाकून द्या, तो विषारी असू शकतो.

जिमवाल्याला दुसऱ्या दिवशी प्रोटीन पावडरचा डबा दाखवतात. एका स्कूपमध्ये साधारण २४-२५ ग्रॅम प्रोटीन. चार अंड्यांत तेवढंच, ५० ग्रॅम कोरड्या सोयाचंक्समध्ये तेवढंच. भारतीयांसाठी रोजची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे याला ६५ ग्रॅम, वजन उचलणार असेल तर थोडं जास्त. आपली पातळ वरणाची वाटी पाच-सहा ग्रॅमच्या वर जात नाही, दोन पोळ्या भाजी भातात ते भरून निघत नाही हे खरंय. पण अर्धा लिटर दूध किंवा दही, सकाळी दोन अंडी, रात्री मटकीची घट्ट उसळ, मूठभर दाणे, एवढं केलं तर डबा लागत नाही. घ्यायचाच तर घ्या, विष नाहीये ते, किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि फुकटातली एक गोष्ट दोघांसाठी, रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, जेवणानंतरची शुगर त्याने खरंच कमी चढते.

तर मग कोणी काय निवडायचं. गुडघा आधीच कुरकुरत असेल तर आधी जिम, आठ-दहा आठवडे पाय मजबूत करा, मग टेकडी. लोक उलटं करतात, टेकडीने गुडघा दुखवतात आणि मग म्हणतात आता वय झालं. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांनी तर वजनं उचलायलाच हवीत, पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात, ‘मी रोज चालते’ एवढ्यावर थांबू नका. उलट जो माणूस एकटा पडलाय, झोप लागत नाही, त्याला मी पहिल्यांदा टेकडीवरच नेईन, ताकदीचं नंतर बघू. छातीत दुखणं, चालताना चक्कर असं काही असेल तर दोन्ही नको, आधी डॉक्टर.

मित्राने कोपऱ्यावरच्या जिमचे तीन महिने भरले, मंगळवार आणि शुक्रवार, आणि रविवारी माझ्याबरोबर टेकडी. दोन शुक्रवार आत्ताच बुडालेत. उतरताना माझी काठी घेतो आणि परत देत नाही. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे पुढची टेस्ट तीन महिन्यांनीच, तोपर्यंत पायथ्याला दोघांत एकच वडापाव असं ठरलंय, आणि मोडताना मोठा तुकडा कसा कोण जाणे दर वेळी त्याच्याच हातात जातो.