अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना: ॲप, क्लाउड की पेन ड्राइव्ह?

मावशीचा नवा आयफोन मी पहिल्या संध्याकाळी घाईघाईत चालू करून दिला. भाषा निवडली, वायफाय जोडलं, पुढे फोन जे जे विचारत गेला त्याला "नंतर बघू" करत गेलो आणि फोन तिच्या हातात ठेवला. तिनं चार फोटो काढले, मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि मग विचारलं, "माझं व्हॉट्सॲप कुठंय रे?" तेव्हा लक्षात आलं, गडबड झाली. व्हॉट्सॲपच्या जुन्या गप्पा ज्या ॲपमधून आयफोनवर आणतात, ते फक्त कोऱ्या फोनवर, म्हणजे तो पहिल्यांदा सुरू करतानाच चालतं. सगळं पुसून पुन्हा श्रीगणेशा.

त्या पुसण्यामुळे एक फायदा झाला. बसून नीट विचार केला की तिच्या जुन्या फोनमधलं काय कुठल्या वाटेनं न्यावं. वाटा मुळात तीनच. ॲपलचं 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप, गुगलचा क्लाउड, आणि पेन ड्राइव्ह किंवा कॉम्प्युटर. यातली कोणती एक निवडू, हाच प्रश्न मला हल्ली चुकीचा वाटतो. कुठली वस्तू कुठे ठेवलेली आहे, त्यावर तिची वाट ठरते.

मावशीच्या फोनचा हिशेब असा होता: कॅमेऱ्याचे फोटो-व्हिडिओ ६१ जीबी, व्हॉट्सॲप १४ जीबी, आणि डाउनलोड, गाणी, रेकॉर्डिंग असा किरकोळ ऐवज ८ जीबी. स्वतःच्या फोनवर सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडलं की हे आकडे दोन मिनिटांत मिळतात. ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मूव्ह टू आयओएस: फक्त सुरुवातीलाच

हे ॲप २०१५ पासून आहे. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमधून घ्यायचं. आयफोन सुरू करताना डेटा कुठून आणायचा असं विचारतो, तिथे 'फ्रॉम अँड्रॉइड' निवडायचं, आयफोनवर आलेला कोड जुन्या फोनवर टाकायचा. मग आयफोन स्वतःच तात्पुरतं वायफाय तयार करतो आणि दोन फोन थेट एकमेकांशी बोलतात. कॉन्टॅक्ट, एसएमएस, कॅलेंडर, फोटो-व्हिडिओ, ईमेलची खाती, आणि २०२२ पासून व्हॉट्सॲपसुद्धा.

या वाटेचा खरा भाव व्हॉट्सॲपमुळे आहे. लोकांचा एक गैरसमज इतका पक्का आहे की तो मोडायला वेळ लागतो: "बॅकअप आहे की गुगल ड्राइव्हवर, नव्या फोनवर लॉगिन केलं की येईल." येत नाही. अँड्रॉइडचा व्हॉट्सॲप बॅकअप गुगलच्या खात्यात असतो, आयफोनवरचं व्हॉट्सॲप ॲपलच्या आयक्लाउडमधला बॅकअप वाचतं. दोघांना एकमेकांचं कळत नाही. मावशीच्या बाबतीत तर हा प्रश्न गप्पांचा नव्हताच. आजीनं शेवटच्या दोन वर्षांत तिला पाठवलेले व्हॉइस मेसेज त्यात होते. मेतकुटात डाळी किती भाजायच्या, हे सांगता सांगता मध्येच कुकरची शिट्टी वाजते, असले.

तेव्हा हे काम या ॲपनंच करा, आणि काही पथ्यं पाळा. दोन्ही फोन चार्जरला लावा. व्हॉट्सॲपमध्ये नंबर तोच ठेवा. यादीतून व्हॉट्सॲप निवडलं की जुन्या फोनवर ते उघडतं, डेटा तयार करतं आणि तिथून लॉगआउट होतं. त्यानं घाबरायचं नाही, जुन्या फोनमधला ऐवज तुम्ही ॲप काढून टाकेपर्यंत तिथेच राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे चालू असताना जुन्या फोनवर दुसरं काही उघडलं किंवा कॉल आला तर काम अर्धवट राहतं. मी एअरप्लेन मोड लावून फक्त वायफाय चालू ठेवलं. दुपारी कोणाचे ना कोणाचे फोन येतातच, म्हणून वेळ रात्री साडेदहाची धरली.

येत काय नाही? व्हॉट्सॲपमधली कॉलची नोंद आणि पैशांच्या व्यवहाराचे मेसेज. शिवाय गाणी, पुस्तकं आणि पीडीएफ स्वतंत्र न्यावी लागतील, असं ॲपलच सांगतं.

फोटो या ॲपनं न्यावेत का? दहा-पंधरा जीबी असतील तर खुशाल. साठ जीबी असतील तर मी नाही म्हणेन. तेवढा वेळ दोन्ही फोन अडकून पडतात, आणि मध्ये काही बिनसलं तर व्हॉट्सॲपसकट सगळं पहिल्यापासून. मी फोटोंवरची खूण काढली. बाकीचं तासाभरात आलं.

क्लाउड: आधीपासून असेल तर सोपं

फोटो आधीच गुगल फोटोजवर चढत असतील तर न्यायला काही नाहीच. आयफोनवर गुगल फोटोजचं ॲप टाका, लॉगिन करा, सगळे समोर. कॉन्टॅक्ट गुगल खात्यात सेव्ह असतील तर तेही आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ते खातं जोडलं की येतात. (सेव्ह कुठे आहेत ते मात्र बघा. मावशीचे निम्मे नंबर 'फोन'मध्ये आणि जुने काही सिममध्ये होते. सगळे निवडून एक व्हीसीएफ फाइल, म्हणजे सगळ्या नंबरांची एकच फाइल, काढून ठेवली. नंबरांच्या बाबतीत मी कुणावरच विश्वास ठेवत नाही.)

पण चढवायची सुरुवात आत्ता करणार असाल तर गणित करून बघा. गुगलचे फुकटचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहेत. १ जून २०२१ पूर्वी 'हाय क्वालिटी'त चढवलेले फोटो त्यात मोजले जात नव्हते, त्यानंतरचे सगळे मोजले जातात. आयक्लाउडचे फुकटचे तर ५ जीबीच. आणि दिवसाला २ जीबीच्या रिचार्जवर मावशीचा ८३ जीबीचा ऐवज चढवायचा म्हटला तर ४२ दिवस, तेही दुसरं काहीही न पाहता. घरी फायबर असेल तर हेच काम रात्रभरात होतं. शहरातल्या भाच्याचा सल्ला गावातल्या मावशीला लागू पडत नाही तो इथे.

आणखी एक खोच आहे. गुगल फोटोजवर 'स्टोरेज सेव्हर' लावलेलं असेल तर वर गेलेला फोटो मूळ फोटो नाही, दाबून लहान केलेला आहे. १६ मेगापिक्सेलच्या वरचे फोटो तेवढ्यावर आणले जातात. फोनवर पाहायला फरक कळत नाही. भिंतीवर लावायला मोठा करून घ्यायचा असेल तर कळू शकतो. त्यामुळे "क्लाउडवर आहे ना" म्हणून जुना फोन विकण्याआधी ती सेटिंग एकदा पाहाच.

गुगल फोटोजमधून थेट आयक्लाउडमध्ये फोटो पाठवायची अधिकृत सोय जुलै २०२४ पासून आहे, गुगल टेकआउटमधून, म्हणजे गुगलमधला आपला डेटा बाहेर काढायच्या पानावरून. तुमचं इंटरनेट खर्च होत नाही, दोन कंपन्यांचे सर्व्हर आपसात देवाणघेवाण करतात. आयक्लाउडमध्ये तेवढी जागा मात्र विकत घेतलेली हवी. ज्याला पुढे सगळं ॲपलमध्येच ठेवायचंय त्याच्यासाठी हे उत्तम. ज्याला घरच्यांशी गुगलचे अल्बम शेअर करायचेत, त्यानं कशाला हलवायचं? दोन्हीकडे बॅकअप चालू ठेवून दोघांना महिन्याचं भाडं भरणारे लोक मी पाहिलेत.

टेकआउटमधून झिप डाउनलोड करून ते फोटो आयफोनमध्ये भरायच्या फंदात शक्यतो पडू नका. प्रत्येक फोटोबरोबर एक वेगळी जेसन फाइल येते, गुगलमध्ये बदललेली तारीख आणि वर्णन तिच्यात राहतं, आणि जुळवता जुळवता रविवार जातो.

पेन ड्राइव्ह: माझी आवडती

आयफोन १५ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२३ पासून, आयफोनला टाइप-सी आलं आणि ही जुनीपुराणी वाट एकदम सोपी झाली. टाइप-सीचा पेन ड्राइव्ह अँड्रॉइडला लावायचा, फाइल मॅनेजरमधून डीसीआयएम फोल्डर (कॅमेऱ्याचे फोटो यातच असतात) त्यावर उतरवायचं, पेन ड्राइव्ह काढून आयफोनला लावायचा, 'फाइल्स' ॲपमध्ये उघडायचा. इंटरनेट नको, खातं नको, आणि शेवटी हातात एक जादा प्रत उरते ती वेगळीच. बरा पेन ड्राइव्ह असेल तर ६१ जीबीला तासभर धरा. स्वस्तातला असेल तर चहा नाही, जेवण करून या.

तीन गोष्टींवर अडतं. पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही; लग्नाची अख्खी शूटिंग तिथेच अडखळते. आधी एक्सफॅट या नव्या पद्धतीनं फॉरमॅट करून घ्या. दुसरं, 'फाइल्स'मध्ये कॉपी केलेले फोटो 'फोटोज' ॲपमध्ये आपोआप दिसत नाहीत. निवडून, शेअर करून, सेव्ह करावे लागतात. हजार-हजारच्या गठ्ठ्यानं करा, एकदम सगळे निवडलेत तर फोन गुदमरतो.

तिसरं जरा समजून घेण्यासारखं आहे. कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख असते, त्यामुळे तो नव्या फोनवरही २०१८ च्या दिवाळीतच जाऊन बसतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून ती माहिती काढून टाकलेली असते. ते कॉपी केले की सगळ्यांवर आजची तारीख पडते आणि भाचीचं बारसं नि तिचं दहावीचं पेढेवाटप एकाच दिवशी येतं. तारीख असते ती फाइलच्या नावात: २०१९०५१४ असं दिसलं की १४ मे २०१९. म्हणून मी ते फोटो 'फोटोज'मध्ये ओतलेच नाहीत, 'फाइल्स'मध्ये नावाच्या क्रमानं ठेवले. वर्ष-महिना-दिवस असं नाव असल्यानं क्रम आपोआप लागतो.

पीडीएफ आणि गाणी याच वाटेनं. मावशीच्या सातबाऱ्याच्या आणि पेन्शनच्या पीडीएफ 'फाइल्स'मध्ये बसल्या, उघडतातही. अभंगांच्या एमपी३ मात्र ॲपलच्या म्युझिक ॲपमध्ये पेन ड्राइव्हवरून जात नाहीत, त्याला कॉम्प्युटर लागतो. व्हीएलसी हे गाणी वाजवायचं ॲप टाकून मोकळा झालो.

टाइप-सीच्या आधीचा, लाइटनिंग पोर्टचा जुना आयफोन असेल तर ॲडॉप्टर घ्या किंवा कॉम्प्युटरवरून करा. किंवा दोन्ही फोनवर 'लोकलसेंड' टाका, घरच्या वायफायवर फाइल्स जातात. पूर्वी सगळे शेअरइट किंवा झेंडर सुचवायचे. त्या दोन्हींवर जून २०२० मध्ये भारतात बंदी आली.

मग कोणी काय करावं

व्हॉट्सॲप आणि एसएमएससाठी मूव्ह टू आयओएस, यात निवड नाहीच. फोटो आधीच गुगलवर मूळ दर्जात असतील तर तिथेच राहू द्या. नसतील आणि फोन टाइप-सीचा असेल तर पेन ड्राइव्ह. फायबर आहे, घाई नाही आणि दरमहा थोडे पैसे द्यायची तयारी आहे, तर क्लाउड. पुढच्या वेळी फोन बदलताना हा माणूस सगळ्यात निवांत असेल.

उलट दिशेनं, आयफोनवरून अँड्रॉइडवर, काम एकूण हलकं आहे. अँड्रॉइड १२ किंवा पुढचा फोन सुरू करतानाच केबल जोडली की फोटो, कॉन्टॅक्ट आणि व्हॉट्सॲप येतात. आयक्लाउडचे फोटो गुगल फोटोजकडे पाठवायची सोय ॲपलच्या प्रायव्हसी पानावर आहे, तीन ते सात दिवस लागतात. सिम काढण्याआधी आयमेसेज (ॲपलची स्वतःची मेसेज सेवा) बंद करा, नाहीतर आयफोनवाल्या मित्रांचे मेसेज जुन्या पत्त्यावरच जात राहतात.

यूपीआय कुठल्याच वाटेनं येत नाही. सिम नव्या फोनमध्ये घालून, एसएमएस पाठवून, नव्यानं नोंदणी. बँकेची ॲप्सही तशीच. डिजिलॉकरमधली कागदपत्रं खात्यात असतात, लॉगिन केलं की हजर.

जुना फोन मी लगेच पुसू दिला नाही, महिनाभर कपाटात ठेवायला सांगितला. तिसऱ्या आठवड्यात मावशीचा फोन आला. जमिनीच्या बोलण्याचा एक कॉल तिनं रेकॉर्ड केला होता, तो कुठे दिसत नव्हता. व्हॉट्सॲप झालं, फोटो झाले, डाउनलोड झालं, पण रेकॉर्डिंगचं फोल्डर मी उघडलंच नव्हतं. कपाटातला फोन चार्जिंगला लावला, पेन ड्राइव्ह पुन्हा काढला.