पाकिस्तानातील ख्रिस्ती बांधवांसाठी महिनाभराची प्रार्थना-पुस्तिका : परीक्षण

पाकिस्तानातील ख्रिस्ती लोकांसाठी मध्यस्थीची प्रार्थना करता यावी म्हणून मराठी मंडळ्यांसाठी काढलेली ही पुस्तिका आमच्या नगरच्या मंडळीने महिनाभर वापरली. दर दिवसाला एक पान, वर माहिती, खाली प्रार्थनेचे दोन-तीन विषय आणि शेवटी शास्त्रभाग, अशी साधी मांडणी आहे. तिकडच्या कार्यकर्त्यांच्या सुरक्षिततेसाठी प्रकाशकाने स्वतःचे नाव छापलेले नाही. ते योग्यच आहे, म्हणून मीही ते येथे देत नाही.

आपल्या प्रार्थनासभांत छळ सोसणाऱ्यांची आठवण बहुधा शेवटच्या एका वाक्यात उरकली जाते, आणि त्याचे कारण अनास्थेपेक्षा अज्ञान अधिक असते. ज्या माणसांच्या जगण्याची काहीच कल्पना नाही, त्यांच्यासाठी फार वेळ गुडघे टेकून राहता येत नाही. ही पुस्तिका नेमकी तेथेच उपयोगी पडते. २०२३ च्या जनगणनेनुसार पाकिस्तानात सुमारे ३३ लाख ख्रिस्ती आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या दीड टक्क्याहूनही कमी, आणि त्यांतले बहुसंख्य पंजाबात राहतात, एवढे सांगून ती थेट कायद्याकडे वळते.

ईशनिंदेच्या कायद्यावरची पाने या पुस्तिकेतली सर्वांत सकस पाने आहेत. कुराणाच्या विटंबनेसाठी जन्मठेप सांगणारे कलम २९५-बी १९८२ साली आले आणि पैगंबरांच्या अवमानासाठी देहदंडापर्यंत नेणारे २९५-सी १९८६ साली आले; या दुसऱ्या कलमात आरोपीचा हेतू सिद्ध करण्याची अटच नसल्यामुळे जमिनीचा वाद किंवा शेजारचे भांडणही माणसाला कसे फासाच्या दारात नेऊ शकते, हे येथे शांतपणे समजावून दिले आहे. आसिया बीबी या ख्रिस्ती शेतमजूर स्त्रीवरचा आरोप २००९ साली शेतात पाण्यावरून झालेल्या भांडणातून उभा राहिला, २०१० साली त्यांना मृत्युदंड सुनावला गेला आणि ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष सुटका केली. या कायद्याखाली शासनाने आजवर कोणाला फाशी दिलेली नाही. आरोपींचे जीव गेले ते जमावाच्या आणि मारेकऱ्यांच्या हातून. त्यामुळे खाली दिलेला विषय, ‘बाहेर जमाव घोषणा देत असताना निकाल लिहिणाऱ्या कनिष्ठ न्यायालयातील न्यायाधीशासाठी’, वाचताच आमच्या सभेतील प्रार्थनेचा सूर बदलला. केवळ सांत्वन मागणाऱ्या बायका त्या दिवशी एका अनोळखी न्यायाधीशासाठी धैर्य मागत होत्या.

वीटभट्टीचे पानही असेच आहे. कुटुंब भट्टीमालकाकडून पेशगी, म्हणजे आगाऊ रक्कम, उचलते, मग नवरा-बायको आणि मुले पहाटेपासून चिखल मळून साच्यात विटा पाडतात, हजार विटांमागे जो दर मिळतो त्यातून पेशगीचा हप्ता कापला जातो आणि आजारपण किंवा लग्न आले की पुन्हा पेशगी घ्यावी लागते. वेठबिगारी १९९२ च्या कायद्याने बंद झाली, तरी कर्ज बापाकडून मुलाकडे येतच राहते. भट्ट्यांवर मुसलमान मजूरही याच जाळ्यात आहेत, हे पुस्तिका प्रामाणिकपणे सांगते. पण ख्रिस्ती मजुराच्या डोक्यावर कर्जाबरोबर आरोपाचीही टांगती तलवार असते. कोट राधाकिशन येथे ४ नोव्हेंबर २०१४ रोजी भट्टीवर राबणाऱ्या एका ख्रिस्ती जोडप्याला जमावाने मारहाण करून जाळले, आणि ती स्त्री गरोदर होती. ऊसतोडीची उचल जवळून पाहिलेल्या आमच्या लोकांना हे पान समजावून सांगावे लागले नाही.

जडांवाला येथील १६ ऑगस्ट २०२३ च्या हल्ल्याला मात्र एवढी जागा मिळायला हवी होती, आणि ती मिळालेली नाही. मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरून हाक दिली गेली, वीसहून अधिक चर्च आणि अनेक घरे जाळली गेली, माणसांनी ती रात्र उसाच्या शेतात लपून काढली, आणि पुढे अटक झालेल्यांपैकी बहुतेक जण सुटले. यातला हा शेवटचा भाग पुस्तिकेत नाहीच. आग विझल्यावर सुरू होणारी न्यायाची लांबलेली वाट हाच खरे तर प्रार्थनेचा मोठा विषय आहे.

माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. या पानांत ख्रिस्ती लोकांच्या बाजूने उभे राहिलेले मुसलमान जवळजवळ दिसत नाहीत. २०११ च्या मार्चमध्ये मारले गेलेले ख्रिस्ती मंत्री शहबाज भट्टी यांना पूर्ण पान आहे, आणि ते असायलाच हवे. परंतु आसिया बीबींची बाजू घेतली म्हणून त्याच वर्षी ४ जानेवारीला स्वतःच्याच अंगरक्षकाकडून मारले गेलेले पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर एका ओळीत संपतात, आणि तासीर यांच्या मारेकऱ्याविरुद्ध सरकारी वकील म्हणून उभे राहून पुढे आसिया बीबींचा खटलाही लढवणारे सैफुल मलूक यांचा उल्लेखही नाही. अशा माणसांना वगळून केलेली प्रार्थना नकळत एका समाजाविरुद्धच्या रागाकडे झुकते. आमच्या गटात दोन-तीनदा ती तशी झुकली, आणि पाळकांना ती सावरावी लागली.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. पळवून नेऊन धर्मांतर आणि लग्न लादल्या गेलेल्या एका अल्पवयीन मुलीचे नाव आणि छायाचित्र छापले आहे. देव तिला नावाने ओळखतो. आपल्याला ते छापण्याची गरज नव्हती. आम्ही सगळ्या प्रतींमधील ते पान झाकून वापरले.

जमेची बाजू पुन्हा सांगायची तर सियालकोटवरचे पान. तेथे १९०४ पासून भरणारे ख्रिस्ती अधिवेशन आणि पाळक इमामुद्दीन शहबाज यांनी पंजाबी पद्यात आणलेली, देशी चालींवर गायली जाणारी स्तोत्रे, म्हणजे जबूर, यांच्यामुळे हे लोक केवळ पीडित म्हणून आपल्यासमोर येत नाहीत. नारायण वामन टिळकांच्या भजनांवर वाढलेल्या मंडळीला त्यांच्या उपासनेची चव या पानावरून लगेच कळते. कराचीला असेच एक पान मिळाले असते तर वसईच्या आणि गोव्याच्या वाचकांना ते फार जवळचे वाटले असते, कारण भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यांचा जन्म १९०० साली कराचीतच झाला होता आणि १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता.

छपाई स्वच्छ आहे, पण अक्षर वयस्कांसाठी बारीक आहे, आणि नकाशा नाही. आम्ही भिंतीवर वेगळा लावला. पुस्तिका विनामूल्य मिळते. महिला मंडळ, तरुण संघ आणि घरोघरच्या प्रार्थनागटांनी ती जरूर मागवावी, रोजचे पान एकाने आधी वाचून ठेवावे, आणि तासीर व मलूक यांची नावे भट्टींच्या पानावर हाताने लिहून घ्यावीत.