वायरलेस मिडी सेट घेताय? आधी समोरच्या सिंथचा टोन बदलून बघा

गेल्या आठवड्यात जुन्या वस्तूंच्या एका साइटवर तोच फोटो परत दिसला. निळ्या चौकड्यांची चादर, तिच्यावर गळ्यात अडकवायचा पांढरा कीबोर्ड आणि शेजारी दोन वायरी निघालेला काळा डबा. खाली लिहिलंय, ‘वायरलेस मिडी सेट, कुठल्याही सिंथला चालतो, पुणे’. (सिंथ म्हणजे स्वतः आवाज तयार करणारा कीबोर्ड, आणि मिडी म्हणजे एका वाद्याने दुसऱ्याला काय वाजवायचं ते सांगायची पद्धत.) सहा महिन्यांपूर्वी हाच फोटो बघून मी २३,५०० रुपये मोजले आणि पुरता फसलो. गणपतीच्या आधी वाजवणारी पोरं अशा वस्तू शोधत असतात, म्हणून जे घडलं ते सगळं लिहितोय.

मी पंधरा वर्षं सुगम संगीताच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवतो. सिंथ स्टँडवर आणि मी त्याच्या मागे, कायमचं. गाणाऱ्याच्या शेजारी उभं राहून वाजवावं, ही फार दिवसांची इच्छा होती. हातातल्या कीबोर्डवर वाजवायचं आणि आवाज मागच्या सिंथमधून यायचा, मध्ये वायर नाही. हे खरोखर होतं, त्यात काही थाप नाही. २०१५ मध्ये ब्लूटूथवरून मिडी पाठवायची ठरलेली पद्धत आली, तेव्हापासून असे चांगले कंट्रोलर, म्हणजे हातात धरायचे कीबोर्ड, आणि त्यांचं बोलणं सिंथपर्यंत पोचवणारे डबे, म्हणजे रिसीव्हर, बाजारात आहेत. म्हणूनच मला संशय आला नाही.

विकणारा तिशीतला असेल, सिंहगड रोडला राहायचा. घरी बोलावलं, चहा दिला. त्याचा सिंथ भिंतीला टेकून ठेवलेला आणि काळ्या डब्याच्या दोन्ही वायरी सिंथच्या मागे पाच पिनांच्या मिडी सॉकेटमध्ये खोचलेल्या. डब्यावर निळा दिवा लुकलुकत होता. त्याने पांढरा कीबोर्ड माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाला, “वाजवा दादा.” मी काळी दोनमध्ये यमनची एक आलापी वाजवली. सिंथच्या स्पीकरमधून स्वच्छ पियानो आला. खोलीच्या दारापर्यंत चालत गेलो, तरी सूर तुटला नाही. मग त्याने सिंथवर बोट ठेवलं, तिथूनही पियानोच.

मी म्हणालो, “स्ट्रिंग्ज लावून बघू का?” तो पटकन म्हणाला, “आत्ता सिंथला हात नका लावू दादा, पेअरिंग तुटतं. परत जोडायला दहा मिनिटं जातात.”

मी हात मागे घेतला. माझे पैसे गेले ते इथेच.

मिडीतून आवाज जात नाही, निरोप जातो. कुठली पट्टी दाबली, किती जोरात (० ते १२७ या आकड्यांत), कधी सोडली, अशा गोष्टी. १९८३ पासून हे असंच चालत आलंय. आवाज तयार करतो तो समोरचा सिंथ. म्हणजे सिंथवर बासरी लावली तर हातातल्या कीबोर्डवर बासरीच वाजायला हवी. टोन बदलल्याने पेअरिंग तुटण्याचा काही संबंध नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण समोरचा माणूस इतक्या आपुलकीने बोलत होता, की मी त्याच्या शब्दावर राहिलो.

प्रत्यक्षात काय चाललं होतं ते नंतर कळलं. सिंथच्या मागे आणखी एक बारीक वायर होती, ऑक्स इनमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज सिंथच्या स्पीकरवर आणायच्या सॉकेटमध्ये. मी विचारलं तेव्हा “ट्रॅक वाजवायला लावलीये” म्हणाला होता. तिचं दुसरं टोक शेल्फवर पालथ्या ठेवलेल्या टॅबमध्ये होतं. हातातला कीबोर्ड ब्लूटूथने त्या टॅबला जोडलेला, पियानो टॅबमधल्या अ‍ॅपचा, आणि सिंथचा फक्त स्पीकर वापरलेला. काळा डबा नुसता दिवा लावून बसला होता.

दोन हजार यूपीआयने आगाऊ दिले होते, उरलेले २१,५०० रोख दिले. “बिल व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो” म्हणाला. ते कधीच आलं नाही.

घरी आल्यावर माझ्या सिंथमधून एक सूर निघेना. फोन केला तर म्हणाला चॅनल जुळवा. मिडीचे चॅनल सोळा. मी दोन रात्री एकेक चॅनल लावून बघत बसलो. मग म्हणाला तुमचा सिंथ जुना आहे, डब्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, नवीन टाकावं लागेल, त्याचे १,८०० पाठवा. मी तेही पाठवले. ही गोष्ट लिहिताना आजही जीव जळतो. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

शेवटी डबा घेऊन तापकीर गल्लीत एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी डबा नाही, वायरीच्या टोकाचा प्लग उघडला. मिडीच्या प्लगला पिना पाच असल्या तरी निरोप चार आणि पाच नंबरच्या पिनांवरून जातो. काकांनी भिंग लावून मला दाखवलं. पाचही पिना कोऱ्या, कशालाच सोल्डरचा डाग दिलेला नाही. वायर रबराच्या आत नुसती खुपसून चिकटवलेली होती. मग डब्याचे चार स्क्रू काढले. आत मोबाइलची जुनी बॅटरी, चार्जिंगचा छोटा बोर्ड आणि निळा दिवा. “अहो, हा तर नाइट लँप आहे,” एवढंच ते म्हणाले आणि पैसे घ्यायला नको म्हणाले.

पांढरा कीबोर्ड मात्र खरा निघाला. भाच्याच्या टॅबला जोडला तर लगेच वाजला. पण तसे कंट्रोलर मी दिलेल्या रकमेपेक्षा बरेच स्वस्त मिळतात. बाकीचे पैसे गेले ते त्या डब्यापायी.

असा सेट कुणाकडून घेणार असाल तर समोर उभं राहून सिंथचा टोन दोन-तीनदा बदला आणि हातातल्या कीबोर्डचा आवाज बदलतो का ते ऐका. वाजवता वाजवता रिसीव्हरची वायर उपसा. आवाज तिथल्या तिथे थांबायला हवा. सिंथला लागलेली बाकी प्रत्येक वायर काढायला लावा, विशेषतः ऑक्सची. विकणारा नको म्हणाला तर उठून या. जमलं तर स्वतःचाच सिंथ घेऊन जा, कारण ‘कुठल्याही सिंथला चालतो’ हेही खरं नसतं. बऱ्याच कीबोर्डांना पाच पिनांचं सॉकेट नसतं, नुसतं चौकोनी यूएसबी असतं, आणि ते समोर कॉम्प्युटर मागतं. कीबोर्डवर ब्लूटूथ लिहिलेलं असलं तरी पुष्कळदा ते फक्त मोबाइलवरची गाणी ऐकायला असतं, मिडी त्यातून येत नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून ऑनलाइन गेलेल्या ३,८०० रुपयांची तक्रार नोंदवली. तिथे पहिलं वाक्य हेच ऐकलं, की पैसे गेल्या गेल्या फोन करायला हवा होता. मी तीन आठवडे थांबलो होतो. रोख दिलेल्या रकमेचा माझ्याकडे कागदाचा कपटाही नाही. चौकीत लेखी अर्ज दिलाय, सोबत व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणि उघडलेल्या डब्याचे फोटो जोडलेत. गेल्या आठवड्यात दिसलेल्या नव्या जाहिरातीचा स्क्रीनशॉटही नेऊन दिला.

तो डबा आणि कोऱ्या पिनांचा प्लग मी तसाच पिशवीत जपून ठेवलाय. पुण्यात आणखी कुणाला असाच निळ्या दिव्याचा डबा मिळाला असेल तर तो फेकू नका, प्लग उघडून फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. चौकीत दुसरा अर्ज गेला तर माझ्या अर्जालाही वजन येईल.